पेटी मुलांनी वापरली

आमच्या शाळेतली गणिताची पेटी वर्षानुवर्षं नवीच राहिली, आणि ती नवी ठेवणारी मीच होते. हे घरीसुद्धा कधी बोलले नाही. आता सांगते.

हिंदी मुलखात, हातोदकडच्या सरकारी प्राथमिक शाळेत मी तिसरीला शिकवते. पेटीत दहा-दहा काड्यांचे गठ्ठे, मण्यांच्या माळा, पुठ्ठ्याचं घड्याळ. साहेब तपासणीला आले की आम्ही सगळं टेबलावर मांडायचो, मागे मुलं हात बांधून उभी, फोटो ग्रुपवर, आणि पेटी परत कपाटात. काडी हरवली तर जबाब कोण देणार? म्हणून गठ्ठ्यांवरचं प्लास्टिकसुद्धा मी निघू दिलं नाही. दशक-एकक फळ्यावर काढून दाखवायचे.

यंदा वर्गातली एक मुलगी बेचाळीसमधून सतरा वजा करून पस्तीस लिहायची. दोनातून सात जात नाहीत ना, मग सातातून दोन काढायची. मी रागवायचे. शेवटी तिच्या आईला म्हणून गेले, "इसके बस का नहीं है."

काही दिवसांनी ती आई वर्गाच्या दारात येऊन उभी राहिली. मंडीत लसूण निवडते. उद्यापासून पोरीला कामावर बरोबर नेणार म्हणाली. मी समजवायला लागले, तर म्हणते, "आप ही तो बोली थीं, मैडमजी." आवाजात राग नव्हता. म्हणूनच जास्त लागलं.

"पाँच मिनट बैठो," म्हटलं आणि कपाट उघडलं. प्लास्टिक सुटेना, दातानं फाडलं. मुलीपुढे चार गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या ठेवल्या. यातून सतरा काढ, म्हटलं. तिनं एक गठ्ठा बाजूला सारला आणि मग त्या दोन काड्यांकडे बघत बसली.

"मैडम, इसको खोल सकते हैं?"

"खोल ना."

रबर तुटलं, काड्या फरशीवर पसरल्या. तिनं सात वेचून घेतल्या. उरले दोन गठ्ठे, पाच काड्या.

आई बराच वेळ पेटीकडे पाहत होती. "ये डिब्बा नया आया है क्या?"

"नहीं," मी म्हटलं.

मुलगी शाळेत राहिली. पेटी आता रोज वर्गात असते. काड्या दप्तरांतून घरी जातात, एक तर कुणाच्या तरी वेणीत सापडली. वर्षअखेर हेडमास्तरांनी सामान तपासलं आणि कपाळाला हात लावला.

"मैडमजी, लिख दो चूहे खा गए. सब यही लिखते हैं."

"चूहे इतना गणित नहीं करते, सर."

मी लिहिलं: मुलांनी वापरल्या, काही हरवल्या. खाली सही केली. शेजारी नव्या पेटीची मागणीही लिहिली.

"नोटिस आएगा," ते म्हणाले.

येऊ दे. एकही काडी हरवली नाही, त्या वर्षांची नोटीस मला यायला हवी होती. तेव्हा कुणी पाठवली नाही.