मोटरीला आडवी जाणारी वयनी

"ते लाल फडकं ठेवा बाजूले, भाऊजी. माह्या तोंडाले पाह्यलं का बिरीक आपोआप लागते," असं म्हणून वयनी रिकामी घागर कमरेवर घ्यायची आणि सडकेवर उतरायची.

ती माझी सख्खी वयनी नव्हे. घराला घर लागून, म्हणून वयनी. नवरा ऐन जवानीत गेला. कपाळ पांढरं, हात उघडे. अशी बाई सकाळी समोर आली की लोक तोंड फिरवतात, हे तुम्हीही पाहिलं असेल. फिरवलंही असेल.

आमचं गाव दारव्हा-दिग्रस सडकेच्या एका अंगाला, शाळा दुसऱ्या अंगाला. कापसाचा हंगाम लागला की जिनिंगकडे जाणारे ट्रक नुसते उधळलेले. एक पोरगी चाकाखाली गेली, तेव्हा आम्ही गावातली म्हातारी माणसं शाळेच्या वेळेला सडकेवर उभी राहू लागलो. लाल फडकी हलवायची, "धीरे भाऊ, धीरे" ओरडायचं. ड्रायव्हरांना वाटायचं, कोण्या पुढाऱ्याची वाट पाहत आहेत. हात हलवून भरधाव निघून जायचे.

वयनी हे ओट्यावरून पाहत होती. एक दिवस उठली आणि ट्रकसमोरून सरळ आडवी चालत गेली. ट्रक करकचून थांबला.

"ए बुढिया! बोहनी के टाइम मूं दिखाती है?" ड्रायव्हर खिडकीतून थुंकला.

"थुक बाप्पा, अजून थुक," वयनी म्हणाली. "मले काही घाई नाही."

त्याचं थुंकणं होईपर्यंत शाळेचे पोट्टे सडक पार.

मग ते तिचं कामच झालं. काही ड्रायव्हर तर गाव दिसताच गाडी हळू करायचे. ती कुठून निघेल याचा नेम नाही! आम्ही फडकी घेऊन नुसते शोभेला.

पण गावात लग्न असलं की हीच वयनी मागच्या दारी. माझी बायको तिचं ताट तिकडे न्यायची आणि तिच्यासोबतच जेवायची. "सडकेवर चालते, मांडवात काहून चालत नाही जी?" बायको मला विचारायची. मांडव काय माझा होता?

पुढे सरकारी मोटरीवर एक नवा ड्रायव्हर आला. शिकलेला, हसतमुख पोरगा. वयनी आडवी निघाली. त्यानं एक हात कपाळाला लावला, "नमस्कार मावशी! मी शकुन-अपशकुन मानत नाही!" म्हणाला आणि मोटर तिच्या बाजूनं तशीच जोरात काढली. वयनी नालीत पडली. पोट्टे अजून काठावरच होते म्हणून वाचले.

मी धावत गेलो. ती नालीत बसून हसत होती आणि डोळ्याला पदर लावत होती.

"भाऊजी, इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणी सकाळी सकाळी मले नमस्कार केला. अन् गाडी काही थांबली नाही. आता हासू का रडू, सांगा."

मी हात देऊन तिला वर काढलं.

गेल्या हिवाळ्यात माझी बायको गेली. तापानं. फार दिवस झाले नाहीत तोच मला एका लग्नाचं बोलावणं आलं. मांडवात पुढे बसवलं, गंध लावलं. मागच्या दारी वयनी एकटीच जेवत होती. उठून तिकडे जाऊन बसणं माझ्याच्यानं झालं नाही.

उन्हाळ्यात वयनीही गेली. झोपेतच.

शाळा उघडली आणि मी ट्रकला आडवा गेलो. म्हटलं, मीही तसाच, रंडवा. जोरात भोंगा वाजला. "ओ बाबा, मरायचं आहे काय?" ड्रायव्हर ओरडला, मला वळसा घातला आणि गेला त्याच वेगानं. कोणी थुंकलं नाही. बायको मेलेल्या माणसाचा अपशकुन कोणी धरत नाही.

तरी मी रोज जातो. ट्रक गेला की धुरळा उठतो. तो खाली बसेपर्यंत काठावरचे पोट्टे दिसत नाहीत. तेवढा वेळ मी त्यांना थांबवायला हात वर धरून उभा असतो.