ओट्याची उंची

बोईसरला कारखान्यात यांची नोकरी पक्की झाली, तेव्हा आम्ही दोन खोल्यांचं घर बांधलं. स्वयंपाकघर कसं असावं ते मी ठरवलं. कमरेएवढा उंच ओटा, वर गॅस, खिडकीखाली सिंक. पालघरला माहेरी आईला जन्मभर चुलीपुढे वाकलेली पाहिलं होतं. माझ्या घरात कुणी वाकणार नाही, हा माझा हट्ट.

सासरे गेले आणि सासूबाई सातपाटीहून आमच्याकडे राहायला आल्या. मासळी कापायची ती पाटावर बसून, विळी पायाखाली दाबून, हीच त्यांची रीत. त्या ठेंगण्या, माझा ओटा त्यांच्या छातीला लागायचा. मी मोठ्या शहाणपणाने पाट पुढे केला, यावर उभ्या राहा म्हणाले. आठवड्याभरात पाट घसरला आणि त्या पडल्या. मनगट टम्म सुजलं. घाबरले की मला राग येतो. "आई, आता स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही. आराम करा!" मी फाडकन बोलून गेले.

त्या बाहेरच्या खोलीत भिंतीला टेकून बसू लागल्या. दिवसभर. मी बोंबलांचं कालवण करायचे, त्या दारातून बघायच्या आणि मान फिरवायच्या. त्यांचं जेवण निम्म्यावर आलं. एका सकाळी पिशवी भरून उभ्या राहिल्या.

"मना हितं काय काम नाय. मी जाते."

हे त्यांना सोडून आले आणि माझ्याशी धड बोलेनात. त्या चकचकीत ओट्याची मला लाज वाटू लागली. शेवटी गवंडी बोलावला. खिडकीकडचा ओटा फोडून तिथे बैठा कट्टा कर, नळ खाली घे, म्हटलं.

"उंची किती ठेवू?" त्याने विचारलं.

मला सांगता येईना. इतकी वर्षं सातपाटीला जाता-येता त्यांना बसून काम करताना बघत होते, पण नीट कधी पाहिलंच नव्हतं.

टेप घेऊन सातपाटी गाठली. सासूबाई अंगणात पापलेटं कापत होत्या. मी कशाला आले ते सांगितलं आणि पाटाची उंची मोजली, बसल्या जागेवरून हात कुठवर पोचतो ते मोजलं. त्यांनी मला मोजू दिलं. मग विळीवरून मान वर केली.

"आनि तुजा ओटा फोडलास तर तू कुठं उभी रानार, बाय?"

माझा ओटा बांधताना मी त्यांच्याबद्दल असं एकदाही विचारलं नव्हतं. तिथेच अंगणात बसून मी रडले.