कंपनीच्या कागदावरची चिठ्ठी

"हा कागद कुणाच्या घरचा आहे?"

मोठ्या मॅडमनी माझी चिठ्ठी उंच धरली होती. प्रार्थना नुकतीच संपलेली. सगळी शाळा मैदानात रांगेत उभी. चिठ्ठीच्या एका बाजूला माझं अक्षर, दुसऱ्या बाजूला छापील रकाने. खोक्याचा नंबर, वजन, तपासणाऱ्याची सही.

मी पाचवीत होते. तो कागद आमच्या घरचा होता.

पप्पा शेंद्र्याच्या एका कारखान्यात पॅकिंगला होते. एका बाजूनं छापलेले रद्दी कागद तिथं फेकून द्यायचे. पप्पा साहेबाला विचारून त्यांचा गठ्ठा घरी आणायचे. आई गोधडीच्या सुईनं ते शिवायची आणि माझी कच्ची वही व्हायची. वर्गात तसली वही माझी एकटीची. तक्रारपेटीत चिठ्ठी टाकताना मी नाव घातलं नाही, अक्षराचं वळणसुद्धा बदललं. आपण फार हुशारी केली असं वाटत होतं. कागद उलटून बघायचं मात्र सुचलं नाही.

शाळा शहरातली, मोठ्या घरच्या पोरांची. आमच्या वर्गात सरकारी कायद्यानं बिनफीच्या आलेल्या दोघीच, मी आणि करुणा. करुणा माझ्याच गल्लीतली, चार घरं सोडून. मोठ्यानं बोलायची तिला सवयच नव्हती. आमचा बाकही एकच, शेवटचा.

एक दिवस गणिताच्या तासाला तिनं हात वर केला. लघवीला जायचं होतं. बाई म्हणाल्या, "मधल्या सुट्टीत." थोड्या वेळानं तिनं पुन्हा हात वर केला. बाईंनी बघितलंच नाही. तिसऱ्यांदा तिनं हात वर केला नाही. बाकाखाली ओघळ आला. पोरं नाकं धरून हसली. बाईंनी शिपायाकडून फडकं मागवलं आणि करुणाच्या हातात दिलं. ती गुडघ्यांवर बसून पुसत होती आणि मी तिच्याच बाकावर पाय वर घेऊन बसले होते. ते पाय वर घेणं मला आजही टोचतं.

दुसऱ्या दिवसापासून करुणा शाळेत आली नाही. ती परत यावी, एवढ्यासाठी मी चिठ्ठी लिहिली. पेटीवर रंगीत अक्षरांत लिहिलेलं होतं, 'मुलांनो, मनातलं सांगा.' मी सांगितलं.

मॅडमनी ते माईकवर वाचलं. "करुणाला लघवीला सोडलं नाही. मग तिलाच पुसायला लावलं. बाईंनी तिची माफी मागावी, म्हणजे ती येईल." मी तिचं पूर्ण नाव, इयत्ता, तुकडी, सगळं नीट लिहिलं होतं. मैदान हसलं. जे एका वर्गाला माहीत होतं ते पहिलीपासून दहावीपर्यंत कळलं.

मग पाचवीच्या कच्च्या वह्या मागवल्या. मला शोधायला दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

आईला बोलावणं गेलं. ऑफिसात तीन खुर्च्या रिकाम्या होत्या, पण आईला कुणी बस म्हटलं नाही. मॅडम म्हणाल्या, "फुकट शिकायला मिळतंय, वर तक्रारी? उद्या सगळ्यांसमोर माफी मागायची, नाहीतर दाखला घेऊन जा." चोराच्या उलट्या बोंबा. पण आईनं हात जोडले. "लेकराचं चुकलं मॅडम, पदरात घ्या."

घरी भाकरी थापताना आई म्हणाली, "म्हणून टाक चुकलं. तोंडानं म्हणायला काय लागतंय? वर्ष वाया जाईन तुझं." आणि परातीवर वाकून रडली. पप्पांनी कोपऱ्यातला कागदांचा गठ्ठा उचलला आणि बाहेर नेऊन टाकला. त्यानंतर त्यांनी कंपनीचा कागद कधी घरी आणला नाही.

सकाळी मॅडमनी माफीनामा हातात दिला. त्यांनीच लिहिलेला. पहिलं वाक्य, 'मी शाळेची खोटी बदनामी केली.'

आमच्या वस्तीतल्या विहारात दर रविवारी एका पोराला पुढं उभं करायचे. काहीही बोल म्हणायचे. पोर अडखळायचं, चुकायचं, पण ते खाली बसेपर्यंत म्हातारी माणसंसुद्धा जागची हलायची नाहीत. लहान माणूस बोलतंय म्हणजे ऐकायचं असतं, असं मला वाटायचं. माईकसमोर मी तशीच उभी राहिले. म्हणाले, "हे खोटं आहे. मी खरं लिहिलं होतं. मी माफी मागणार नाही."

माईक बंद केला त्यांनी. ह्या वेळी मैदानात कुणी हसलं नाही.

दाखला दिला नाही. वर्ष संपेपर्यंत वर्गाबाहेर व्हरांड्यात बसवलं. पेटीही भिंतीवरून गेली. करुणाच्या घरच्यांनी आठवड्याभरात गल्ली सोडली. ती परत भेटली नाही. मी मात्र तो माईकचा किस्सा वर्षानुवर्षं छाती फुगवून सांगत राहिले.

आता मी पिशोरजवळच्या एका शाळेत शिकवते. मागच्या दिवाळीत आईला साडी घ्यायला गुलमंडीच्या बाजारात गेले. दुकानात साड्यांच्या घड्या घालणारी बाई मान वर करेना. करुणाच होती. मी तिला सगळं सांगितलं. चिठ्ठी, माफीनामा, माईक. वाटलं, तिला बरं वाटेल.

तिचा हात थांबला. "म्हंजी ते तू लिहिलं व्हतं व्हय?"

मग पुन्हा घडी घालत हळूच म्हणाली, "मी सोमवारी येणार व्हते गं. मायनं नवा स्कर्ट शिवला व्हता. पण त्याच्या आधीच गल्लीत पोरं ओरडाया लागली, माईकवर तुझं नाव आलं म्हणून. मग नाय निघाले घराबाहेर." आणि माझ्याकडं बघून, "मला इचारायचं तरी."

चार घरं. फक्त चार घरं सोडून राहायची ती.

मी माफी मागितली. मॅडमसमोर जी मागितली नव्हती ती तिथं, साड्यांच्या ढिगासमोर रडत मागितली. ती म्हणाली, "जाऊ दे. कोणत्या रंगाची दाखवू?"

यंदा आमच्या शाळेतही तक्रारपेटी आली, तिचं काम माझ्याकडं. मुख्याध्यापक म्हणाले, "चावी ऑफिसात द्या मॅडम. आधी आपण बघू, मग ठरवू." मी दिली नाही. चावी पोरांनीच निवडलेल्या दोन मुलींकडं असते. ज्याच्याबद्दल लिहिलंय त्याला विचारल्याशिवाय चिठ्ठी कुणाला वाचून दाखवायची नाही, हा नियमही पोरांचाच. माझी नोकरी कंत्राटी आहे. गेली तर जाईल, चावी ऑफिसात जाणार नाही.

आणि माझ्या वर्गात लघवीला जायला कुणी हात वर करत नाही. पोरगं उठतं आणि जातं.