पाटावरचा लॅपटॉप

मोडलेली वस्तू माझ्या हातून सहजासहजी सुटत नाही. ऑफिसातल्या लोकांना हा चिकटपणा वाटतो, पण मी वीस वर्षं कॉम्प्युटर सांभाळण्याचीच नोकरी करते आहे. लॅपटॉप मेला असं लोक सांगतात तेव्हा बहुतेक वेळा त्याचा एखादाच अवयव गेलेला असतो, हे मला ठाऊक आहे. माझ्या जुन्या लॅपटॉपचंही तेच झालं. राजवाड्यासमोरच्या बाजारात, गर्दीत स्कूटर आडवी झाली, बॅग खाली आणि स्कूटर वर. स्क्रीनचा चुरा झाला, बाकी सगळं ठणठणीत.

मी स्क्रीन झाकणासकट काढून टाकली. उरला तो नुसता कीबोर्ड आणि त्याच्या पोटातलं यंत्र. त्यावर लिनक्स घातलं, वायरीने राउटरला जोडलं आणि हॉलमधल्या पुस्तकांच्या कपाटावर ठेवून दिलं. झाला घरचा सर्व्हर. फोटो, कागदपत्रं, सगळं त्याच्या पोटात ठेवायचं आणि घरातल्या कुठल्याही मशीनवरून उघडायचं. वीज गेली तरी स्वतःच्या बॅटरीवर तो तासभर काढायचा. येणाऱ्याजाणाऱ्याला मी तो दाखवायची, आणि तो बघून कोणी नाक मुरडलं तर मला आणखीच जोर चढायचा.

घरात मी आणि बाबा, दोघंच. बाबा एक्क्याऐंशीचे. सरकारी कचेरीतून निवृत्त झाल्यापासून ते लोकांना मोडी वाचून देतात. आमच्या या हिंदी मुलखातल्या शहरात, छत्रीबाग मोहल्ल्यात आणि आसपास अशी कितीतरी मराठी घरं आहेत, ज्यांचे पणजोबा संस्थानच्या चाकरीत होते. ट्रंकेत मोडी कागदांचं गाठोडं असतं, आणि त्यातलं एक अक्षर घरात कोणाला लागत नाही. ती माणसं गाठोडं घेऊन बाबांकडे यायची. बाबा एकेक कागद भिंगाखाली धरून वाचायचे, दोन बोटांनी देवनागरीत टाइप करायचे आणि मूळ कागद परत करायचे. पुढे कोणी घर विकून पुण्याला गेलं, कोणाच्या ट्रंकेला वाळवी लागली. त्यामुळे बरंचसं बाबांनी टाइप केलं तेवढंच शिल्लक होतं. वीसेक वर्षांचं काम होतं ते.

आधी ते पाच-सहा पेन ड्राइव्हवर विखुरलेलं असायचं, आणि त्यातला एक कायम सापडत नसायचा. मी मोठ्या थाटात सगळं सर्व्हरवर हलवलं आणि पेन ड्राइव्ह पुसून दुसऱ्या कामाला लावले. वेगळ्या डिस्कवर एक जादा प्रत ठेवायची होती, ते येत्या रविवारी करू म्हणता म्हणता राहून गेलं. ऑफिसात मी याच गोष्टीवरून लोकांना झापते.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. तलवार वगैरे काही नाही. विळी, कात्री, पेचकस, बाबांचं भिंग आणि बोरू. सगळं धुऊनपुसून पाटावर मांडायचं, आणि एकदा पूजा झाली की दसऱ्याला उत्तरपूजा होईपर्यंत त्यातलं काही वापरायचं नाही. भाजीसुद्धा आदल्या दिवशी चिरून ठेवायची. राबणाऱ्या हत्याराला वर्षातून एक दिवस आराम मिळालाच पाहिजे, हा बाबांचा नियम. तो मोडायची माझी टाप नाही.

यंदा नवमीला मला ऑफिसात जावं लागलं. बाबांनी एकट्यानेच पूजा मांडली, आणि मांडता मांडता त्यांच्या मनात आलं की दिवसरात्र राबणारं हत्यार घरात एकच आहे आणि त्यालाच आराम नाही. त्यांनी सर्व्हर बंद केला, वायरी काढल्या, तो खाली उतरवला आणि पाटावर बसवला. मग गंध, अक्षता, झेंडू, आणि शेवटी पळीतलं पाणी फुलाने शिंपडणं. दसऱ्याला सकाळी पुन्हा पाणी शिंपडून, रीतसर उत्तरपूजा करून त्यांनी तो परत कपाटावर नेला, वायरी लावल्या आणि बटण दाबलं. झाकण असतं तर पाणी झाकणावर पडलं असतं. झाकण मीच काढलं होतं.

मी आपट्याची पानं वाटून दुपारी घरी आले. एक जुना फोटो उघडायला बसले, तर सर्व्हर लागेचना. स्टुलावर चढून पाहिलं. कीच्या फटींत गंध, कोपऱ्यात अक्षतांचे दोन दाणे आणि जळल्याचा बारीक वास. तिरपा केला तर कडेने पाणी ओघळलं. बाबा पेपर पुढ्यात घेऊन बसले होते. मी विचारल्यावर त्यांनी सगळं सांगितलं. एकदा दिवा लागला आणि गेला, म्हणाले.

"मी तर पूरा सूखा पुसला होता ना, बेटा."

माझं डोकं फिरलं. "कसला पुसला? अजून पाणी आहे आत. आंधळ्यालासुद्धा दिसलं असतं."

बाबांनी पेपरची घडी घातली. मग त्यांनी विचारलं, "माझं काम गेलं का सगळं?"

तो आवाज ऐकून माझा राग उतरला. मी सांगितलं की मशीन गेलं, डिस्क वेगळी असते, आणि मी असताना असं काही जात नसतं. बोलले ठामपणे, पण माझी मलाच खात्री नव्हती. पेचकस पाटावरून नुकताच उठला होता, त्याच्या मुठीला अजून गंध होतं. त्याच पेचकसाने मी तळ उघडला. बोर्डावर काळा डाग पडला होता. डिस्क मात्र खालच्या कोपऱ्यात आपल्या जागी होती. ती काढून पुसली आणि अंगात घाई असूनही रात्रभर तशीच वाळू दिली.

सकाळी माळ्यावरून दुसरा लॅपटॉप काढला. ऑफिसने फेकायला काढलेला होता, मी घरी आणला होता. याची स्क्रीन शाबूत आणि कीबोर्ड मेलेला. बाहेरचा कीबोर्ड लावला, वायरींच्या डब्यातून डिस्क बाहेरून जोडायचं जुनं केसिंग काढून त्यात डिस्क बसवली आणि जोडली. मिनिटभर काही नाही. मग एकामागून एक फोल्डर दिसायला लागले. आधी मी दोन ठिकाणी प्रती करून घेतल्या आणि मगच बाबांना हाक मारली. नावं दिसली म्हणजे आतला मजकूर धड आहे असं नसतं, तो वाचून बघावा लागतो, आणि ते बाबांशिवाय कोण करणार?

बाबा खुर्ची ओढून स्क्रीनसमोर बसले. घोड्याचं पत्र लाव, म्हणाले; ते त्यांचं आवडतं. मी फाइल उघडून अक्षरं मोठी केली, आणि ते वाचायला लागले. पागेतला पांढरा घोडा चार दिवस दाणा खात नाही, वैद्यास सत्वर पाठवून देणे, घोड्याजवळ आमचा जीव आहे. एक शब्द अडला नाही, एक काना इकडचा तिकडे झाला नाही. मी मागे हाताची घडी घालून उभी होते. जिंकल्यासारखं वाटत होतं.

मग माझी नजर स्क्रीनवर गेली. घाईत मी खालची फाइल उघडली होती. समोर कुणाच्या तरी लग्नातल्या भांड्यांची यादी होती. घंगाळी चार, समया सहा, परात एक. बाबा त्या परातीकडे बघत घोड्याचं पत्र वाचत होते.

गेले काही महिने ते आलेल्या माणसाला दिवाळीनंतर या असं सांगत होते. मला वाटायचं, वयाचा कंटाळा आहे. काल आंधळ्याचं नाव घेऊन आपण काय बोलून बसलो, हे मला तेव्हा कळलं, आणि माझी मलाच लाज वाटली.

"बरोबर आहे ना सगळं?" बाबांनी विचारलं.

"एकदम बरोबर," मी म्हटलं. "आता पुढचं मी वाचते. तुम्ही चुका काढा."

मी भांड्यांची यादी वाचायला घेतली. दुसऱ्याच ओळीला त्यांनी मला थांबवलं.

"कधी कळलं तुला?"

"आत्ता."

त्यांनी खुर्ची स्क्रीनपासून मागे सरकवली. मग म्हणाले, "हे वाचून होणार नाही. मोडी शिकावी लागेल. माझ्या पलंगाखाली तीन गाठोडी आहेत. लोकांना नाही म्हणवेना, ठेवून घेतली."

मी आत जाऊन वाकून पहिलं गाठोडं ओढलं आणि त्यांच्या मांडीवर ठेवलं. गाठ जुनी आणि घट्ट होती, माझ्याने सुटेना. बाबांनी माझा हात बाजूला केला आणि तिच्याकडे न बघता ती सोडली.