आमच्या देवघरातला बिल्ला

रविवारी सकाळी मुरबाडच्या एसटी स्टँडवर मला वड्याबरोबर तळलेली मिरची मिळाली नाही. मागितली, तर वडेवाला "संपली" म्हणाला आणि माझ्यादेखत स्वतः एक खाल्ली... पुराणांत कलियुगाची लक्षणं सविस्तर दिली आहेत, त्यांत हे एक घालायचं राहून गेलं.

असो. धर्मऱ्हास मुकाट्याने गिळून मी चुलतभावाच्या गाडीत बसलो. वयाने मोठा म्हणून मी त्याला दादा म्हणतो आणि घराण्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचा अ‍ॅडमिन म्हणून बाकीचे त्याला घाबरतात. निघालो होतो उंबरमाळीला, आमचे पणजोबा नेमके कुठे वारले ती जागा शोधायला.

आमचं गाव वैशाखऱ्याजवळ, पण पणजोबा रेल्वेत लागले. पावसाळ्यात रात्री कंदील घेऊन रूळ तपासत चालायचं, हे त्यांचं काम. समोरून दुसरा गस्तवाला यायचा... मध्यावर भेटून दोघं आपापला पितळी बिल्ला एकमेकांना द्यायचे आणि परत फिरायचे. बिल्ले बदलले म्हणजे दोघंही पूर्ण चालले, हा पुरावा.

दुसऱ्याचं नाव सोमा. आमच्या घरात मात्र 'सोम्या'. एका रात्री सोम्या झोपून राहिला, पणजोबा एकटेच पुढे गेले आणि दरडीत सापडले, ही कथा आम्ही बाळकडूसारखी प्यायलो. उशिरा उठणाऱ्या पोराला आमच्याकडे आजही "सोम्या झालास का रे?" असं विचारतात.

पणजोबांच्या अंगावर मिळालेला बिल्ला देवघरात वीर म्हणून पुजला जातो. त्याच्या कडेला तीन खाचा आहेत, ते महादेवाचं त्रिपुंड्र, असं घराण्याचं मत. दर अमावास्येला दूध, चंदन, सगळं साग्रसंगीत...

आता दादाने स्मारकाचा दगडही कोरून घेतलाय, उंबरमाळीच्या हॉल्टकडे जाणाऱ्या रस्त्यावर बसवायला. पणजोबांच्या नावाखाली ओळ आहे : 'साथीदार सोमा याने दगा दिल्याने वीरगती'.

हॉल्टवर जागेची चौकशी केली, तर लोकांनी गावाबाहेरच्या वाडीतल्या सुंदराबाईंकडे पाठवलं. ऐंशीच्या पुढच्या. ओट्यावर बसल्यावर दादाने दगडाचं, ओळीचं, देवातल्या बिल्ल्याचं सगळं कौतुकाने सांगितलं. मग कळलं, बाई सोमाची नात...

त्या उठल्या. आत गेल्या आणि तांब्याभर पाणी घेऊन आल्या. दादा घाईघाईने म्हणाला, "नको नको, आमची बाटली आहे." मी प्यायलो. त्यात शौर्य काही नाही, तहान लागली होती.

बाई बाटलीकडे बघून हसल्या. "तुमचा पणजा असं नाय बोलला रे. तो पिला."

मग त्याच सांगू लागल्या, "दोघं भेटलं, बिल्लं बदललं, पाठ फिरवली नि दरड आली. माझ्या आजानं हातानं दगड उपसलं. पाठीवर घालून हितं आणला, ह्याच ओट्यावर. आजीनं पाणी पाजलं, मग गेला... सकाळी तुमची मानसं आली. तांब्या बघितला नि पयली थोबाडीत दिली माझ्या आजाला."

"बाटवला म्हणून?" मी विचारलं.

"मग काय, निजला म्हणून?"

दादा उठून उभा राहिला. "बाई, ह्याला पुरावा काय?"

"तुमच्याच घरात हाय. बिल्लं परत बदलायचं ऱ्हायलं ना. आजाला वाचता येत नव्हतं, म्हणून आपल्या बिल्ल्याच्या कडंला त्यानं कोयत्यानं तीन खाचा मारल्या हुत्या. अंधारात बोटाला कळाया."

आमच्यापैकी कोणीही त्यांच्यासमोर खाचांचा 'ख' काढला नव्हता... सोमा आलाच नसता, तर त्याचा बिल्ला पणजोबांच्या अंगावर आला कुठून? आणि ज्या घराचं पाणी आम्हाला चालत नव्हतं, त्याच घरच्या माणसाचा बिल्ला आम्ही पिढ्यान्‌पिढ्या देव म्हणून दुधाने धूत होतो.

निघताना बाई एवढंच म्हणाल्या, "बिल्ला तुमी देवात ठेवा नायतर चुलीत घाला. दगडावर खोटं लिवू नका."

गाडीत दादाचं पहिलं वाक्य : "हे ग्रुपवर टाकू नकोस." मी घरी पोचायच्या आत टाकलं. उत्तरादाखल दोन जोडलेले हात आणि एक गुलाबाचं फूल आलं... आणि सोमवारी कळलं, दादाने बिल्ला देवघरातून काढून डब्यात घातला आणि देवघरात गोमूत्र शिंपडलं. जन्मभर दुधाने न्हालेला देव एका दुपारीत बाटला!

माणसाने दरड उपसून आपला माणूस बाहेर काढला. आपण त्याच्या थोबाडीत मारली, वर त्याला झोपाळू ठरवलं, आणि आता तेच दगडावर कोरतोय. जुन्या धर्मशास्त्रात नखं कुरतडण्यापासून सगळ्याचं प्रायश्चित्त सापडेल. कृतघ्नाचं शोधू नका, नाहीये.

रागावणं मला छान जमतं, हे तुम्ही जाणताच. पण खरं सांगायचं तर मला काळजी वाटते. दगड तयार आहे, ग्रुपमध्ये बहुमत दादाचं आहे, आणि मला एकट्याला तो अडवता येईल असं वाटत नाही.

सुंदराबाईंना वाचता येत नाही... पण त्यांची पतवंडं त्याच रस्त्याने शाळेत जातात.