घरात बोलणारी पेटी

शिरपूरच्या वर, सातपुडा सुरू होतो तिथे, जंगलखात्याच्या वायरलेस केंद्रावर लोटन ऑपरेटर होता. एका खोलीत सेट, दुसरीत बिऱ्हाड, मध्ये पत्र्याचा आडोसा. डोक्यावर लोखंडी मनोरा. खरखरीतून एकेक शब्द वेचावा लागे, म्हणून लोटनचा नियम होता: सेट चालू असला की घरात कुणी बोलायचं नाही. आणि सेट दिवसभर चालूच असे.

मुलगी, बेबा, तीन वर्षांची झाली तरी एक शब्द बोलेना.

सत्याऐंशी साली लोटनने कुठेसं वाचलं, की वायरलेसच्या लहरींनी लहान मुलांच्या मेंदूला इजा होते की काय अशी शंका आहे. घरात साप शिरलाय हे कळलेल्या माणसासारखा तो मनोऱ्याकडे बघू लागला. संदेश द्यायला बटण दाबलं, की पत्र्यापलीकडे निजलेल्या पोरीच्या कवटीतून काहीतरी आरपार जातंय असं त्याला वाटे. बटण तर दाबावंच लागे. पोट त्यावर होतं.

शेवटी रजा काढून तो आणि बायको कुंदाबाई बेबाला धुळ्याला घेऊन गेले. डॉक्टरीणबाईंनी तिच्या पाठीमागे वाटीवर चमचा वाजवला. ती झटकन वळली. ‘चेंडू दे’ म्हणताच तिने चेंडू दिला.

“बाई, त्या लहरींचं काय?” लोटनने विचारलं.

“त्याचं पक्कं मला सांगता येणार नाही. पण हिला ऐकू येतं, समजतं. घरात हिच्याशी बोलतं कोण?”

कुंदाबाई उसळली, “कोन बोली? बठ्ठा घरमा यास्नी पेटी तेवढी बोलस! मी भाकर बी खुणा करीसन वाढस.”

डॉक्टरीणबाईंना हसू आवरेना. “मग बोला हिच्याशी. मेंदूत दोष आहे असं मला दिसत नाही. तीन महिन्यांनी पुन्हा आणा.”

परतताना एसटी सोनगीरला थांबली. लोटनने पोरीला मांडीवर घेतलं, घसा खाकरला. “बेबा, तो किल्ला. समजलं का? ओव्हर.”

कुंदाबाई पदरात तोंड घालून हसत सुटली. बेबा नुसती बापाच्या ओठांकडे बघत राहिली.

थंडीत एकदा सकाळच्या संदेशात धुळ्याच्या ऑपरेटरने विचारलं, “लोटनभाऊ, मागे गोंगाट कसला? ओव्हर.”

पत्र्यापलीकडे बेबा तिच्या भाकरीवर टपलेल्या कोंबडीवर ओरडत होती. जाय, जाय, मनी भाकर, जाय!

लोटनने बटण दाबलं. “ऐक,” तो म्हणाला, आणि माइक पत्र्याकडे धरला.