तेल बंद, नारळ चालू

आमच्या घराण्यातले पुरुष पन्नाशी बघत नाहीत, हे मी लहानपणापासून ऐकत आलो. वडील पंचेचाळिशीत गेले. पावसजवळच्या आमच्या वाडीत सुपारीला पाणी लावता लावता छातीला हात लावून खाली बसले, ते बसलेच. त्याआधी आजोबाही असेच गेले होते. गावात याला एकच कारण ठाऊक होतं, गाव राखणाऱ्या देवाचा, राखणदाराचा कोप. त्याला दरसाल नारळ दिला जाई, कोंबडा दिला जाई, साग्रसंगीत गाऱ्हाणं घातलं जाई. मी जात्याच हट्टी. डिप्लोमा करून रत्नागिरीला बांधकाम खात्यात ओव्हरसियर झालो तेव्हाच मनाशी ठरवून टाकलं होतं की आपण ऐंशी गाठायची. ती कशी गाठायची, हे अर्थात माहीत नव्हतं.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती आणि मी चाळिशी ओलांडली होती. पालीच्या बाजूला रस्त्याचं काम चालू होतं. एक साधी चढण चढताना छातीवर कुणीतरी जांभा दगड ठेवल्यासारखं झालं. दोन मिनिटं दगडी गडग्याला टेकून उभा राहिलो, तसं ते गेलं. मुकादमाला म्हटलं, पित्त झालंय. पण मला वडिलांचा छातीवरचा हात दिसत होता, आणि मी घाबरलो होतो. दुसऱ्याच दिवशी डॉक्टर गाठला.

डॉक्टर सांगलीकडचा, रत्नागिरीत नवीन आलेला, माझ्याहून पुष्कळ लहान. त्याने कार्डिओग्राम काढला, रक्त घेतलं. ही तपासणी तेव्हा आमच्याकडे होत नसे, बाटली कोल्हापूरला जायची. रिपोर्ट आला तसा त्याने मला समोर बसवलं आणि सांगितलं, "साहेब, तुमच्या रक्तात कोलेस्टेरॉल फार आहे. ही एक प्रकारची चरबी. ती हृदयाच्या नळ्यांत आतून साचत जाते. तुमच्या वडिलांचंही बहुधा हेच झालं असणार. हे रक्तातून चालत येतं."

दुसरा कुणी हे ऐकून खचला असता. मला उलट हुरूप आला. इतकी वर्षं ज्याला नारळ-कोंबडे देत होतो त्याला नाव मिळालं होतं, आणि नुसतं नाव नव्हे, आकडा मिळाला होता. ज्याचं माप घेता येतं ते काम करता येतं, हा आमच्या खात्याचा धर्म. मी विचारलं, "उतरवायचा कसा, तेवढं सांगा." तो म्हणाला, "सिगारेट आजपासून बंद. रोज सकाळी चालायचं. आणि तेल, तूप, लोणी, डालडा, अंडी, मटण, सगळं बंद. तीन महिन्यांनी परत रक्त."

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती मास्तरांची मुलगी. एकदा नियम कळला की मग देव खाली आला तरी ती हलायची नाही. डालड्याच्या डब्यात तिने कोथिंबीर पेरली. तुपाची बरणी शेजारणीला देऊन टाकली. तळलेली सुरमई माझ्या ताटातून गेली, सणाच्या पुऱ्या गेल्या, आंबोळीवरचा लोण्याचा गोळा गेला. आमच्या लेकीने, तेव्हा ती शाळेत होती, भज्यांचा विषय काढला तर तिला असा दम मिळाला की पुन्हा तिने भजी हा शब्द उच्चारला नाही. आणि माझ्या तोंडाची चव जाऊ नये म्हणून ती माउली इतकी झटली की मला खरोखर भरून येई. जेवण कधी बेचव लागलं नाही. मी खात्यात सगळ्यांना सांगत सुटलो की पथ्य म्हणजे काही शिक्षा नव्हे, बायको हुशार हवी.

तीन महिन्यांनी आकडा वाढून आला.

डॉक्टरने रिपोर्ट दोनदा वाचला, मग चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "साहेब, तुम्ही फिरतीवर असता. पालीला हॉटेलात काय खाता?"

"काळा चहा पितो."

"चहाबरोबर?"

माझं डोकंच फिरलं. आयुष्यात पहिल्यांदा मी एखादी गोष्ट इतकी इमानेइतबारे केली होती, आणि हा कालचा पोरगा मला वडा चोरून खाणारा ठरवत होता. त्याहून वाईट म्हणजे घरी आल्यावर बायकोनेही तेच विचारलं. मी नाही म्हटलं.   चार दिवस मला ताट वाढलं जात होतं आणि शब्द वाढला जात नव्हता. रागाच्या खाली मला भीतीही वाटत होती. सगळं करूनही आकडा चढत असेल, तर मग गावचे लोकच खरे.

शेवटी मी दवाखान्यात जाऊन डॉक्टरला म्हटलं, "रविवारी आमच्याकडे जेवायला या. डोळ्यांनी बघा, आणि मग बोला."

तो आला. एकटा राहणारा, खानावळीत जेवणारा माणूस. पहिल्या घासालाच त्याचा चेहरा उजळला. बांगड्याची आमटी त्याने दोनदा मागून घेतली. फणसाची भाजी संपवली. कढीच्या वाट्यांवर वाट्या प्यायला. बायको दाराशी उभी राहून विजयी मुद्रेने बघत होती. तेलाची बाटलीसुद्धा तिने मुद्दाम फडताळातून काढून समोर ठेवली होती, महिनाभर जेमतेम उतरलेली.

"वहिनी," तो बोटं चाटत म्हणाला, "तेल नाही म्हणता, मग ही आमटी एवढी दाट कशानं?"

"खोबरं वाटून घातलंय, त्या वाटपानं."

"आणि भाजी?"

"तिच्यावर भुरभुरवलंय ना खोबरं. वाफेवरच शिजवलीय हो, फोडणीसुद्धा नाही."

"कढी?"

"नारळाच्या दुधाची. तूप बंद झाल्यापासून यांना भातावरसुद्धा नारळाचं घट्ट दूधच देते. कोरडा भात घशाखाली उतरत नाही त्यांच्या."

डॉक्टरचा हात ताटातच थांबला. "आज नारळ किती लागले?"

"तीन. तुम्ही यायचे होतात म्हणून. नायतर दोनांत भागतं."

"पूर्वी?"

"पूर्वी एकात व्हायचं. तेल नाही, तर चव कशानं आणायची?"

 मग अगदी हळू आवाजात त्याने विचारलं, "वहिनी, डोक्याला तेल कुठलं लावता?"

"खोबरेल."

"ते कशातून काढतात?"

 पदर तोंडाला लावून बायको तिथेच उंबऱ्यावर बसली. मी आधी हसलो, मग तिच्याकडे बघून माझं हसू विरलं. ती रडत होती. माझ्या जिवासाठी तीन महिने पहाटे उठून ती खोबरं खवत होती.

डॉक्टर बिचारा आमच्याहून ओशाळला. म्हणाला, "चूक माझी आहे. आमच्याकडे नारळ देवापुढे फोडतात आणि प्रसादाचा तुकडा खातात, संपलं. मी खोबऱ्याचं विचारलंच नाही." आणि आम्ही तरी कसं सांगणार? स्वयंपाकात मीठ घातलं, असं कुणी डॉक्टरला सांगायला जातं का? दारात माड, गावाहून पोत्याने नारळ, देवाला नारळ, पाहुण्याला नारळ. खोबरं हा एक पदार्थ आहे आणि त्यात तेल भरलेलं आहे, हे आमच्या डोक्यात यायला त्यावर खोबरेल थापूनही चाळीस वर्षं लागली.

दुसऱ्या दिवसापासून बायको नव्याने कामाला लागली, आणि तिची खरी हुशारी मी त्यानंतर बघितली. कोकमाच्या आगळाची फुटी कढी होऊ लागली, नारळाच्या दुधाशिवाय. बांगड्याचं तिरफळ घातलेलं, बिनखोबऱ्याचं तिखलं, कुळथाचं पिठलं, चिंच घालून अळू. सणाला मोदक एक, तोही माझ्याकडे रोखून बघत वाढलेला. गावचा चुलतभाऊ पोतं घेऊन आला तेव्हा तिने ते दारातूनच परत पाठवलं. तो चिडून म्हणाला, "नारळानं माणूस मरतो, हे आजवर कधी ऐकलं नव्हतं हो!" मी म्हटलं, "माणूस कशानं मरतो ते आपल्या घरात कुणी विचारलंच नव्हतं." त्याला राग आला. येऊ दे, म्हटलं.

पथ्य होतं, डॉक्टरने पुढे सुरू केलेल्या गोळ्या होत्या, चालणं होतं. आकडा सावकाश उतरत गेला. वडिलांचं वय मी गाठलं आणि ओलांडलं. त्या वाढदिवशी मी फार खुशीत होतो. त्याच सुमारास डॉक्टर म्हणाला, "तुमचं रक्त आता ठीक आहे. पण हे चालत येतं, हे मी तुम्हाला सांगितलं होतं. मुलीचं एकदा बघून घेऊ."

लेक तेव्हा कॉलेजात जाऊ लागली होती. अंगाने काडी. तिला काय होणार, म्हणून मी बेफिकीर होतो. तिचा आकडा तिच्या वयाला फारच जास्त निघाला.

माझी सगळी मिजास उतरली. घरी आलो आणि पडवीत बसून राहिलो. मी स्वतःला वाचवलं होतं, आणि हे दुखणं लेकीच्या रक्तात देऊन बसलो होतो. सांगायचं माझ्याने होईना. तिच्या आईनेच तिला सगळं सांगितलं. ती बाहेर आली, माझ्या शेजारी बसली, रिपोर्टचा कागद उलटसुलट करून बघितला.

"बाबा, आजोबांना हे वेळेवर कुणी सांगितलं असतं तर?"

"तर काय?"

"तर मी त्यांना बघितलं असतं."

माझ्या डोळ्यांना धार लागली. तिच्या मात्र नाही.

"मग रडता कशाला? मला तर आत्ताच कळलं," ती म्हणाली. "माझी नातवंडं मला बघतील."

तिला पोटाशी धरायची आमच्यात पद्धत नव्हती. मी एवढंच म्हटलं, "उद्यापासून सकाळी माझ्याबरोबर चालायला यायचं."

"उद्यापासून कशाला?" म्हणाली, आणि पायात चपला सरकवून अंगणात माझी वाट बघत उभी राहिली.